नववा प्रश्न : फकरुद्दीन

तोंडवली,
७ ऑक्टोबर २०२४

नाझमीन,

पत्र फाडायच्या आधी एवढं वाच. तुझ्या बापाबद्दल आहे. नंतर फाड, चुलीत घाल, माझं काही म्हणणं नाही.

मी बाबू मेस्त्री. अक्षरावरून ओळखलंच असशील, पाटीवर तुझ्याकडून पहिली मुळाक्षरं मीच गिरवून घेतली होती. बारा वर्षं झाली तू माझ्याशी बोलून. रत्नागिरीचा पत्ता मी पोस्टमनकडून काढला, त्याला दोष देऊ नकोस.

पुण्याचे एक निवृत्त कमांडर आमच्या 'कारागीर' जहाजाचा इतिहास लिहिताहेत. हे जहाज लढणारं नव्हे, लढाईत फुटलेली जहाजं सांधणारं. वर्कशॉप, ओतशाळा, सुतारखाना, पाणबुडे, सगळं पोटात. इंग्रजांनी दुसऱ्या महायुद्धात बांधलं, आपण एकोणऐंशी साली भंगारात काढलं. तुझा बाप त्यावर फिटर होता आणि मी वेल्डर. एकाच दिवशी मालवणातून एसटीत बसून भरती झालो, एकाच जहाजावर पडलो, हे तू तुझ्या आईच्या, शमीमभाभीच्या तोंडून शंभरदा ऐकलंयस. कमांडरसाहेबांनी मला अकरा प्रश्न पाठवलेत. किती जहाजं दुरुस्त केली, जेवायला काय मिळायचं, असले. नववा प्रश्न असा : 'डिसेंबर १९७१ मध्ये दुरुस्ती पथकातील फकरुद्दीन हे बेपत्ता झाल्याची नोंद आहे. आपण त्यांना शेवटचे कधी पाहिले?'

तीस नोव्हेंबरच्या आत उत्तर द्यायचंय. नाही दिलं तर पुस्तकात 'बेपत्ता' छापलं जाणार, आणि एकदा छापलं की मग कोण पुसणार.

तो शब्द आपल्याकडे कसा वाचला जातो ते तुला मी सांगायला नको. बेपत्ता, म्हणजे पोहत कराचीला गेला. मुसलमान ना, मग जाणारच. बहात्तर साली मी रजेवर आलो तेव्हा कट्टा गावच्या बाजारात हा विनोद चालू होता. मी हसलो होतो. हो, हसलो. तू तेव्हा दोन महिन्यांची होतीस.

आणि दोन हजार बारा साली त्याच बाजारात तुझ्या शाहीदला कुणीतरी 'कराचीवाल्याचो नातू' म्हणालं. त्याने एक थोबाडीत दिली, आणि सहा जणांनी त्याला रस्त्यावर पाडून तुडवला. डोळा फुटला त्याचा. तू धावत आलीस, तुझ्या साडीवर त्याचं रक्त होतं, आणि मी आमच्या दुकानाच्या पायरीवर उभा होतो. "बाबूकाका, तुमी त्या जहाजार होतात. एकदाच सांगा ह्यांका. माझो बाप पळूक नाय म्हणान सांगा." मी काय म्हणालो ते तुझ्या लक्षात आहे. "माका काय म्हायत नाय."

खोटं बोललो. तुझा बाप कराचीला गेला नाही, नाझमीन. तो माझ्यापासून चार हातांवर मेला. आज एवढंच लिहवतंय.

बाबू मेस्त्री


तोंडवली,
२१ ऑक्टोबर २०२४

नाझमीन,

पोचपावतीवर तुझी सही आली. उत्तर नाही आलं. बरोबर केलंस, मीही दिलं नसतं. पण पत्र परत आलं नाही, तेव्हा पुढचं लिहितो.

त्या सकाळी आमच्या बाजूला एक लहान युद्धनौका ओढून आणली. तिला दोन ठिकाणी मार बसला होता. आग विझली होती पण पत्रा अजून एवढा तापलेला, की बुटांचे तळ चिकटत होते. इंजिनरूमचं दार मी गॅसने कापलं. दाराला आतून एक हात चिकटला होता. पक्कडीने सोडवावा लागला, आणि सोडवताना त्याची कातडी दारालाच राहिली. आतमध्ये नऊ जण होते. जळक्या चिंबोऱ्यांसारखा वास येत होता, तेव्हापासून आमच्या घरात चिंबोरी शिजली नाही, बायको बिचारी विचारून विचारून गेली. एकाला आम्ही खांद्याला धरून उचलला तर खांदाच हातात आला. तुझा बाप ओकला, तोंड पुसलं आणि परत आत गेला. मी नुसता ओकत बसलो होतो.

दुपारी बाराच्या सुमारास पुढच्या कोठीत पाणी चढायला लागलं. कोठीचं झाकण बंद केलं तर पाणी तिथेच अडणार आणि जहाज तरंगणार, असा हिशेब. झाकणाच्या कड्या आगीत वाकलेल्या, म्हणून वेल्ड करायचं. ते काम माझं. आमच्याकडे नियम कडक होता. खाली उतरणाऱ्याने आपला पितळी बिल्ला वर झाकणापाशी बसलेल्याच्या हातात द्यायचा आणि वर आल्यावर मागून घ्यायचा. सगळे बिल्ले परत गेल्याशिवाय वेल्डरने वेल्डिंगची कांडी पेटवायची नाही.

पाण्यातून कुणीतरी ओरडत होतं. तुझ्या बापाने ऐकलं. बिल्ला माझ्या हातात ठेवून म्हणाला, "सांभाळ रे. आत एक जिवंत आसा, घेवन येतंय." आणि उतरला.

मग मागच्या बाजूला दारूगोळा फुटला. मी उडून पडलो. कानात शिट्टी, डोळ्यांत धूर, झाकण आपटून घट्ट अडकलेलं, जहाज एका अंगाला कललेलं. अधिकारी वरून ओरडले, "बंद कर, बंद कर. बिल्ले?" मी म्हणालो, "पुरे आहेत साहेब." मला वाटलं, मी पडलो तेवढ्यात फकरू वर आला असणार. ते पंपाकडे धावले. मी कांडी लावली.

तेवढ्यात हाक आली. झाकणाशेजारी हवेचा पाइप होता, खाली कोठीत जाणारा, त्यातून. "बाबू रे."

तू मास्तरीण आहेस, तुला हसू येईल. पण मी तोंडवलीचा. मला आईने चालायला शिकवायच्या आधी हे शिकवलं. "पाण्याकडसून हाक इली तर ओ देव नको. भूत दोनदाच हाक मारता. माणूस तिसऱ्यांदा मारता. तिसरी आयकलंस काय मगेच ओ दी." आमचे दोन काका असे पहिल्या हाकेला ओ देऊन गेले, असं ती शपथेवर सांगायची. आणि सकाळपासून मी, इंजिनरूममधले नऊ धरून, चौदा मेलेले उचलले होते, त्यांचे तुकडे माझ्या बाह्यांवर वाळले होते. कोण हाक मारतंय हे मला कसं कळणार?

परत आली. "बाबू रे."

मी थांबलो. कांडी हातात धरून तिसरीची वाट बघितली. आली नाही. मग मी काम चालू केलं.

हे असं झालं. मला ठाऊक नव्हतं, नाझमीन. ठाऊक असतं तर नखांनी उघडलं असतं.

तू म्हणशील तर एवढं कमांडरसाहेबांना लिहितो. कामावर मेला म्हणून नोंद होईल. शमीमभाभीला तू सांग, मला तोंड नाही.

बाबू मेस्त्री


तोंडवली,
९ नोव्हेंबर २०२४

नाझमीन,

हे अक्षर माझं नव्हे. माझी सून रश्मी लिहून घेतेय. माझा उजवा हात प्लास्टरमध्ये आहे.

मागच्या पत्राचा कच्चा कागद मी उशीखाली ठेवला होता, तो सर्वेशच्या हाती लागला. माझा झिल सर्वेश तुला माहीत आहे. येत्या जिल्हा परिषदेच्या निवडणुकीला उभा राहणार आहे, बॅनरवर माझा फोटो, गणवेशातला, खाली 'वीर सैनिकाचा सुपुत्र'. दर सव्वीस जानेवारीला शाळेत मला खुर्ची घालतात ती त्याला फार कामाला येते. कागद माझ्या तोंडासमोर धरून म्हणाला, "म्हाताऱ्या, माझा नाव बुडवतलंस? ह्या कोणाक धाडलंस?" मी म्हणालो, जिला धाडायचं तिला धाडलं. त्याने माझा हात टेबलाच्या कडेवर ठेवला आणि वरून दाबला. दोन्ही हाडांचा आवाज मी ऐकला. म्हणाला, "आता लिव." रश्मी मधे पडली, तिला भिंतीवर फेकली. तिचा ओठ अजून सुजलेला आहे. ती म्हणते हे लिहायला नको. लिही गो, बाकीचं लिहिणार आहेस त्यात हे काय जड आहे.

त्याच्यावर रागावून काही उपयोग नाही. हाताला मार बसला तेव्हा मला बरं वाटलं, खरं सांगतो. कारण मागच्या पत्रात मी तुला परत फसवलं होतं, आणि तू उत्तर दिलं नाहीस म्हणजे तुला ते कळलं असणार.

एक. बिल्ले पुरे नव्हते. तुझ्या बापाचा बिल्ला माझ्या खिशात होता आणि तो खिशात आहे हे मला माहीत होतं. 'पुरे आहेत' म्हणालो कारण मला तिथून पळायचं होतं. काम उरकलं की मी त्या प्रेतांच्या जहाजावरून सुटणार होतो.

दोन. तिसरी हाक आली.

रश्मी थांबलीय. म्हणते, "बाबा, ह्या खराच लिवू?" लिही.

तिसरी हाक आली, नाझमीन. आणि ती मला ओळखू आली, कारण फकरूही इथलाच होता. त्यालाही ही रीत पाठ होती. म्हणून त्याने हाका मारल्या त्या सावकाश, मधे अंतर ठेवून, मला मोजता याव्यात म्हणून. बुडत्या माणसाला एवढा धीर कुठून आला कोण जाणे. तिसरीला तो म्हणाला, "बाबू रे, मी फकरू. आमी दोघे आसंव." म्हणजे ज्याला आणायला गेला होता तोही जिवंत होता.

मी ओ दिली नाही. झाकणाला वेल्डचे पहिले टाके पडले होते. उघडलं असतं तर साहेबांनी विचारलं असतं, बिल्ला तुझ्या खिशात होता मग कांडी पेटवलीस कशी? कोर्ट मार्शल. तेवीस वर्षांचा होतो मी, आणि मला कोर्ट मार्शलची भीती वाटली. बाजूला लाकडी मेखा पडल्या होत्या, भोकं बुजवायच्या. त्यातली एक मी त्या पाइपात घातली आणि हातोड्याने ठोकली. पाइपातून पाणी येत नव्हतं. नुसता आवाज येत होता.

मग तो पान्याने ठोकायला लागला. ठण ठण ठण, मग थांबायचा, मग परत तीन. माझ्या तळव्यांखाली पत्रा हलायचा. मी त्याच्या डोक्यावर बसून वेल्ड केलं. एका कांडीला दोन मिनिटं लागतात, मी वीस कांड्या जाळल्या. एकोणिसावीपर्यंत तो ठोकत होता.

आणि ऐक, ते जहाज चार वाजता बुडालंच. माणसं आधीच उतरवली होती. झाकणाचा काही उपयोग झाला नाही. चौकशीत विचारलं तेव्हा सांगितलं, फकरुद्दीनला मी खाली उतरताना बघितलं नाही, तो मागच्या बाजूला गेला होता. बिल्ला समुद्रात टाकला. त्यावरून 'बेपत्ता' लिहिलं गेलं. तो शब्द माझा आहे.

तीन. शाहीदच्या डोळ्यावर बसला तो लोखंडी पाना आमच्या दुकानातला होता आणि हात सर्वेशचा होता. मी पायरीवरून बघत होतो. रश्मी लिहिता लिहिता म्हणाली, "माका म्हायत होता बाबा. रगताचो शर्ट मीयाच धुतलंय." म्हणजे ह्या घरात सगळ्यांना सगळं ठाऊक होतं, आणि आम्ही बारा वर्षं एकाच टेबलावर जेवतोय.

आता तू काय ते ठरव. मी तुझ्या उत्तरासाठी थांबणार नाही.

बाबू मेस्त्री
(लिहिणारी रश्मी)


तोंडवली,
२९ नोव्हेंबर २०२४

नाझमीन,

डाव्या हाताने लिहितोय, वाकडं आहे, चालवून घे. हे रश्मीला सांगून लिहून घेणं बरं दिसत नाही.

परवा तू आमच्या दारात रिक्षातून उतरलीही नाहीस. नुसती भाभीला उतरवून, तोंड फिरवून बसलीस. आत काय झालं ते भाभी तुला सांगणार नाही, माझी खात्री आहे. म्हणून मी सांगतो, कारण तुला ते माहीत असलं पाहिजे.

त्याआधी कट्ट्याच्या बाजारातलं सांगतो, तुझ्या कानावर उलटसुलट येईल. बाजाराच्या दिवशी मी एसटी स्टॉपच्या ओट्यावर उभा राहून सगळं बोललो. हाका, बिल्ला, मेख, सर्वेशचा पाना, सगळं. अर्ध्या लोकांनी ऐकलं, बाकीचे मासळीचा भाव करत होते. सर्वेशच्या पोरांनी आधी नारळाची सोडणं मारली, मग दगड. कपाळाला पाच टाके आहेत. एक म्हातारा जवळ येऊन म्हणाला, "बाबू, मेल्यार सांगलं असतंस तरी चलला असता." तिथून तसाच रक्ताने भरलेला पोलिसांकडे गेलो आणि शाहीदच्या डोळ्याचा जबाब दिला. सर्वेश दोन दिवस घरी नाही. रश्मीने त्याचे कपडे पेटीत घालून पेटी अंगणात ठेवलीय.

आता भाभीचं.

ती आत आली, पाण्याचा पेला रश्मीला परत दिला आणि माझ्यासमोर खुर्चीत बसली. त्रेपन्न वर्षांत पहिल्यांदा तिच्या हातातल्या बांगड्यांकडे मी नीट बघितलं. हिरव्या. तिने त्या कधीच काढल्या नव्हत्या, कारण बेपत्ता माणसाची बायको विधवा होत नाही. तिची ही अवस्था मी केली होती. मी खाली वाकून तिचे पाय धरायला गेलो तर पाय मागे घेतले.

"नाझमीनन वाचान दाखयल्यान," म्हणाली. "कसो ठोकी होतो तो? माका ठोकून दाखय."

मी म्हणालो, भाभी, नको. तिने हाताने खिडकी दाखवली. कपाटावर जुना पाना होता तो मी डाव्या हातात घेतला आणि खिडकीच्या गजावर मारला. तीनदा. थांबलो. परत तीनदा. तिने डोळे मिटले होते. मला वाटलं झालं, आणि पाना खाली ठेवला.

"थांब नको," ती म्हणाली. "चाळीस मिनिटा ना?"

मी ठोकत राहिलो. समोर भिंतीवर घड्याळ होतं. पहिली दहा मिनिटं मी रडत होतो, मग रडणं थांबलं, कारण श्वास पुरेना. शेजारची सत्यवती बघायला आली आणि दारातून परत गेली. तू रिक्षातून ऐकलंच असशील, काय चाललंय ते तुला कळलं नसेल. पंधराव्या मिनिटाला तळहात फुटला. विसाव्याला खांद्यातून कळ निघायला लागली, पाना रक्ताने निसटायला लागला. मी म्हणालो, भाभी, माझ्याने होत नाही, शहात्तर वर्षांचा आहे मी.

तिने डोळे उघडले. आवाज चढवला नाही. म्हणाली, "तो दमलो म्हणान तू झाकण उघडलंस?"

मग मी पुढची वीस मिनिटं ठोकलं. आज सांगतो, चाळीस मिनिटं म्हणजे किती असतात ते मला परवापर्यंत माहीत नव्हतं. मी ती कांड्यांनी मोजली होती. खाली पाणी छातीला, मग गळ्याला, अंधार, शेजारी एक भाजलेला माणूस, आणि वर आपला बाबू बसलाय हे माहीत. तो मला शिव्या देत असेल असं मी इतकी वर्षं समजत होतो. ठोकता ठोकता कळलं, शिव्या देणारा एवढा वेळ ठोकत नाही. तो शेवटपर्यंत मी उघडेन म्हणूनच ठोकत होता.

चाळीस झाली. ती उठली. टेबलाच्या कडेवर मनगट आपटून बांगड्या फोडल्या, आधी एका हाताच्या, मग दुसऱ्या. काच घुसून रक्त आलं, रश्मी फडकं घेऊन धावली तर तिला हाताने थांबवलं. म्हणाली, "मौलवी म्हणतले नवरो मेल्याची इद्दत कवाच सरली. सरली तर सरली. माझी आज सुरू झाली. चार म्हयने धा दिस."

दारात वळून म्हणाली, "तुझ्या त्या पुस्तकवाल्याक सांग. बेपत्ता खोड. पण कामार मेलो असा पण लिवू नको, ता अर्धा आसा. लिव, फकरुद्दीनाक बाबू मेस्त्रीन मारल्यान."

काल मालवणात जाऊन शपथपत्र केलं. वकील म्हणाला, आजोबा, वाक्य जरा सौम्य करूया, 'निष्काळजीपणामुळे मृत्यू' असं. मी म्हणालो, ती बाई सांगेल तेच राहील. नवव्या प्रश्नाखाली भाभीचं वाक्य जसंच्या तसं लिहिलं, खाली डाव्या हाताची सही केली, अंगठाही लावला, आणि मुदतीच्या आत पोस्टात टाकलं. पोस्टाची पावती सोबत पाठवतोय. तिला वाचून दाखव.

बाबू मेस्त्री